बीपी, शुगर, हार्ट आणि आपलं खान्देशी घर: सवय बदलायची तर नेमकं करायचं काय

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया, सगळं पोटभर झालं आणि रात्री दोन-अडीचच्या सुमाराला आप्पा उठून ओट्यावर येऊन बसले, छातीत भरल्यासारखं होतंय म्हणे. मायला वाटलं जेवण जड झालं, तिने ओवा दिला, सोडा दिला, पाठ चोळून दिली. अंगातून घाम निथळत होता पण खान्देशातला उन्हाळा, घाम तर घरातल्या सगळ्यांनाच येत होता. सकाळी सहाला भावाचा मला फोन आला आणि मग गाडी निघाली. आप्पा वाचले, पण मधले जे साडेतीन-चार तास गेले त्यात हृदयाचा एक भाग कायमचा कमजोर झाला.

मी तेव्हा सरकारी दवाखान्यात बीपी-शुगरच्या रुग्णांना समजावायचं काम करत होते, आजही तेच करते. मीठ कमी करा, तंबाखू सोडा, गोळ्या चुकवू नका, दिवसाला तीस-चाळीस जणांना सांगायचे आणि आप्पांनाही फोनवर सांगायचेच. त्यांना सगळं पाठ होतं. विचारलं तर माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं असतं त्यांनी. पण पाठ असणं आणि करणं यात किती अंतर असतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर मी सांगायची पद्धतच बदलली. माणूस एकटा बदलत नाही, त्याच्या भोवतीचं घर थोडं हलवावं लागतं, आणि एका वेळेला एकच गोष्ट, तीही मोजता येईल अशी. हे सगळं तशाच घरांसाठी लिहितेय, जिथे कुणाला तरी बीपी आहे, शुगर आहे, किंवा एकदा अटॅक येऊन गेलाय.

पहिल्यांदा आकडे

आपल्याकडे माणूस गाडीचं अॅव्हरेज सांगतो, कपाशीचा क्विंटलचा भाव सांगतो, पण स्वतःचं बीपी विचारलं तर "नॉर्मल असेल" म्हणतो. २००४ साली ५२ देशांतल्या लोकांवर केलेला इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास आला होता, त्यात दिसलं की पहिल्या अटॅकच्या धोक्यातला सुमारे ९० टक्के भाग नऊच गोष्टींनी ठरतो: तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाज्या-फळं, हालचाल आणि दारू. आणि आपल्या भागातल्या म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळच्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर येतो हेही त्यातच दिसलं. म्हणजे पन्नाशीच्या आतबाहेर. त्यामुळे म्हातारपणी बघू असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

तीस वर्षं पूर्ण झालेल्या कुणाचंही बीपी आणि शुगर गावातल्या आरोग्य केंद्रात फुकट तपासून मिळतं, आशाताईला विचारा, ती वार सांगेल. बीपी १४०/९० किंवा वर वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा आलं तर ते वाढलेलं आहे, एकदाच आलं म्हणून लगेच घाबरू नका पण सोडूनही देऊ नका. उपाशीपोटीची शुगर १२६ किंवा वर, नाहीतर तीन महिन्यांची सरासरी (रिपोर्टवर HbA1c लिहिलेलं असतं) ६.५ किंवा वर आली तर डायबेटीस. एलडीएल म्हणजे खराब कोलेस्टेरॉल, अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं ७० च्या खाली हवं, आता तर बरेच डॉक्टर ५५ च्या खाली आणायला सांगतात. रिपोर्टवर छापलेली नॉर्मलची रेंज अटॅक न आलेल्या माणसासाठी असते हे लक्षात ठेवा, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे" म्हणून गोळी बंद केलेले लोक मी खूप बघितलेत.

पोटाचा घेर घरीच बघा. सुतळी घ्या, माणसाच्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा आणि बेंबीच्या लेव्हलला पोटाभोवती गुंडाळा, श्वास आत ओढायचा नाही. टोकाला टोक पोचलं नाही तर घेर जास्त आहे.

घरी बीपी मोजायचं मशीन असेल तर मोजायची रीत नीट शिका कारण इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही, बाजारातून पायी येऊन लगेच नाही. लघवी करून घ्या. पाठ टेकून खुर्चीवर पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, शर्टच्या बाहीवर नाही. मोजताना बोलायचं नाही, टीव्ही बंद. एक मिनिट थांबून परत मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा, तारखेसकट. ती वही दवाखान्यात न्या. दवाखान्यात गर्दीत धापा टाकत मोजलेल्या एका आकड्यापेक्षा डॉक्टरला ती वही खूप जास्त सांगते.

माणूस तयार आहे का ते आधी बघा

प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात सिगारेट सोडणाऱ्या लोकांचा अभ्यास करून सांगितलं की सवय एका झटक्यात सुटत नाही, माणूस पायऱ्या चढतो. आधी मनातच नसतं, मग विचार सुरू होतो, मग तयारी, मग प्रत्यक्ष सुरुवात, मग टिकवणं. आणि मधेच घसरून परत खालच्या पायरीवर येणं हेही त्यातच धरलेलं आहे. हे एवढ्यासाठी सांगतेय की ज्याच्या मनातच नाही त्याला आपण थेट "उद्यापासून बंद" म्हणतो आणि तो जास्तच घट्ट बसतो. आप्पांचं ठरलेलं उत्तर होतं, "माले काय व्हयेल शे?" म्हणजे मला काय झालंय, आणि पुढे कुणाचे तरी आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू खात कसे जगले ते.

भांडून झालं, रडून झालं, मग मी एक दिवस वेगळं विचारलं. म्हटलं, आप्पा, तंबाखू सोडायची तयारी दहापैकी किती आहे, खरं सांगा, मी रागावणार नाही.

"दोन."

मी म्हटलं, बरं, मग शून्य का नाही म्हणालात?

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की परवा नातू अंगणात बसून तळहातावर माती घेऊन अंगठ्याने मळत होता, वरून दोन टाळ्या मारल्या आणि ओठात धरल्यासारखं केलं. "हुबेहूब माझ्यासारखं."

मी त्यावर काहीच बोलले नाही, आणि तेच बरोबर होतं असं मला आज वाटतं. कारण "दोन का, दहा का नाही" असं विचारलं असतं तर त्यांनी न सोडण्याची कारणं सांगितली असती, "शून्य का नाही" विचारल्यावर सोडण्याचं कारण त्यांच्या स्वतःच्या तोंडून आलं. माणूस दुसऱ्याचं कारण दोन दिवस पाळतो, स्वतःचं कारण जास्त दिवस. घरी हा प्रश्न करून बघा, फक्त उत्तर आल्यावर उपदेश सुरू करू नका.

आणि समजावून झाल्यावर "समजलं ना?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. त्याऐवजी म्हणा, "मी नीट सांगितलं का ते बघायचंय, घरी जाऊन मायला तुम्ही काय सांगाल ते मला सांगा." तेव्हा कळतं की सकाळची गोळी रात्री आणि अर्धी गोळी पूर्ण घेतली जातेय.

मिठाच्या पाकिटावर तारीख लिहा

सुरुवात एकाच गोष्टीने करायची असेल तर मी मीठ सांगते, कारण ते एका माणसाच्या हातात नसतं, सगळ्या घराचं असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात भाजी, भाकरी, लोणचं, पापड सगळं आलं. आता हे रोज कोण मोजणार? म्हणून पाकीट मोजा. एक किलोचं पाकीट फोडलं की त्यावर पेनाने तारीख लिहायची. पाच माणसांचं घर असेल तर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे एक किलो चाळीस दिवस पुरायला पाहिजे. आमच्या घरी पहिलं पाकीट सतराव्या दिवशी संपलं. माणशी जवळपास १२ ग्रॅम! आणि उन्हाळी पापड-लोणच्याला आणलेलं जाडं मीठ वेगळंच. वहिनी त्या रिकाम्या पाकिटाकडे बघत राहिली, तिला वाटत होतं तिच्या हाताला मीठ कमीच आहे.

मग काय केलं तर एकदम कमी नाही केलं. एकदम कमी केलं की ताट सरकवलं जातं आणि दोष सुनेवर येतो. पहिल्या आठवड्यात फक्त ताटातलं वरचं मीठ बंद, मिठाची वाटी ताटाजवळून उचलून वरच्या फळीवर. दुसऱ्या आठवड्यात भाकरीच्या पिठातलं मीठ बंद. ज्यांच्याकडे कळण्याच्या म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठात दळतानाच मीठ घालतात त्यांनी गिरणीवर द्यायच्या आधी हे लक्षात ठेवा. मग वरण-भाजीत थोडं थोडं कमी आणि वरून लिंबू, कोथिंबीर, भाजलेलं जिरं, लसूण. जिभेला तीन-चार आठवडे लागतात, मग जुनी चव खारट लागायला लागते, हे खरंच होतं, आमच्याकडे झालं. गेल्या वेळचं पाकीट एकोणतीस दिवस गेलं, चाळीसला अजून पोचलो नाही पण त्या बाजूला चाललोय.

पापड, बिबडे, कुरडया, लोणचं, ठेचा हे आपल्या ताटातून काढता येणार नाही आणि मी काढायला सांगतही नाही. पण पापडात मीठ आणि पापडखार दोन्ही असतात, दोन्हीत सोडियम, त्यामुळे रोजचा पापड सणावारावर न्या. ठेचा बिनमिठाचा किंवा नावाला मीठ घालून करा, मिरचीने बीपी वाढत नाही, मिठाने वाढतं. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं, म्हणून डॉक्टरला विचारल्याशिवाय आणू नका. आणि सैंधव, काळं मीठ ही सगळी मीठच आहेत.

तेलाचा डबा आणि शेवभाजी

तेलालाही हाच हिशोब. १५ किलोचा डबा आणला की झाकणावर तारीख. पाच माणसांत दोन महिन्यांत संपला तर माणशी रोज ५० ग्रॅम तेल पोटात गेलं, तोच चार महिने पुरला तर २५ ग्रॅम, तिथे आणायचं. कुठलं तेल चांगलं हे मला रोज विचारतात, शेंगदाणा का सोयाबीन का करडई, मी म्हणते डबा किती दिवस चालला ते आधी सांगा. आलटून पालटून वापरा, तळलेलं तेल परत परत तापवू नका, डालडा घरात नको.

भरिताची वांगी बिचारी कशाला बदनाम! जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजलेलं वांगं, कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, यात वाईट काहीच नाही. तेलाचं पातेलं आहे ते वरच्या फोडणीत आणि सोबतच्या पुऱ्यांत. शेतात भरीत पार्टी असली की पुरीऐवजी कळण्याची भाकरी घ्या, ज्वारी आणि उडीद, पोटही भरतं आणि शुगरही पुरीएवढी झटकन चढत नाही. शेवभाजीचं मात्र खरं बोलायला हवं. शेव तळलेली, त्यात मीठ, वर तर्री, म्हणजे तेल आणि मीठ दोन्हीकडून. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा व्हायची ती आता महिन्यातून दोनदा होते, तर्री वाटीत काढून ठेवतो आणि आप्पांच्या ताटात शेव कमी, रस्सा कमी, कांदा-काकडी जास्त. बंद केली असती तर त्यांनी ढाब्यावर जाऊन खाल्ली असती, मला माहीत आहे.

केळीचं विचारतातच, आपण रावेर-यावलकडचे लोक. बीपीवाल्याने रोज एक केळ खायला हरकत नाही, शुगर असेल तर लहान केळ, जेवणावर लगेच नाही आणि शिकरण नाही. केळीचे वेफर्स हे फळ धरायचं नाही. किडनी खराब असेल तर केळ डॉक्टरला विचारूनच. आणि चहा मोजा हो, दोन चमचे साखरेचे सहा कप म्हणजे बारा चमचे, पन्नास-साठ ग्रॅम साखर नुसती पाहुणचारात जाते.

तंबाखू, गुटखा, विडी आणि मिश्री

मी मिश्री मुद्दाम वेगळी लिहिली. दवाखान्यात बाईला विचारलं, तंबाखू खाता का, तर नाही म्हणते, आणि खरंच मनापासून नाही म्हणते, कारण मिश्री तिच्या हिशोबात तंबाखू नसतेच, ती दात घासायची वस्तू असते. पण ती भाजलेली तंबाखूच आहे, हिरडीतून निकोटीन थेट रक्तात जातं, नाडी वाढते, बीपी वाढतं. घरातल्या आजीला, सासूला विचारताना "मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा" असंच विचारा.

सोडायचा दिवस ठरवा, आजच नाही, येत्या आठ-पंधरा दिवसांतला, लग्न किंवा पेरणी-वेचणीच्या धावपळीतला नको. त्या आधी चार दिवस फक्त लिहून काढा की तलप केव्हा येते. आप्पांची यादी अशी निघाली: उठल्यावर, चहानंतर, शेतात पाणी धरताना, पारावर बसल्यावर, जेवणानंतर. मग एकेका जागेचं उत्तर ठरवलं. उठल्यावर ब्रश, चहानंतर लवंग, शेतात खिशात भाजलेले ओवा-बडीशेप, त्याच चुन्याच्या डबीत, कारण हाताला डबी काढायची सवय आहे ती हाताला पुरवावीच लागते. पारावरच्या मंडळींना आप्पांनी स्वतः सांगितलं की मला पुढे करू नका. तलप आली की ती पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाणी प्या, उठून चाला, कुणाशी बोला. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात अवघड, चिडचिड होते, झोप लागत नाही, तेव्हा घरच्यांनी उलट बोलायचं नाही, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

१८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा फुकट नंबर आहे, तिथे समुपदेशक बोलतात. निकोटीनचं च्युइंगम मिळतं, हार्टवाल्यांनी डॉक्टरला विचारून घ्यावं. विडी-सिगारेट सोडल्यावर वर्षभरात हार्टचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो.

आप्पांनी दोनदा सोडून परत धरली. तिसऱ्यांदा सुटली. धरली तेव्हा मी फक्त विचारलं कुठे धरली, कुणासोबत. दोन्ही वेळा लग्नाच्या मांडवात. तिसऱ्या वेळी मांडवात भाऊ त्यांच्याजवळून हलला नाही.

चालणं

आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे रोज अर्धा तास पाच दिवस, अशा वेगाने की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. शेतकरी म्हणतो मी दिवसभर राबतो, मला कशाला, तर खरंच कुदळ, निंदणी, ओझं उचलणं असेल तर ते धरायचं. पण मोटारसायकलवर शेतात जाऊन बांधावर उभं राहून मजुरांवर लक्ष ठेवणं यात चालणं नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो, त्यामुळे पहाटे साडेपाचलाच निघा, जळगावात मेहरूण तलावाकडे तेव्हा चांगली गर्दी असते, गावात असाल तर शाळेचं मैदान, मंदिराचा रस्ता. ठरवताना "रोज चालेन" असं ठरवू नका, "पहाटेचा चहा झाला की चपला घालून मारुतीच्या पारापर्यंत जाऊन येईन" असं ठरवा, आधीच्या सवयीला बांधलेली सवय टिकते. अटॅक येऊन गेला असेल तर किती चालायचं ते डॉक्टरकडून लिहून घ्या, पाच-दहा मिनिटांपासून हळूहळू वाढवतात. चालताना छातीत दाबलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर थांबायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं.

गोळ्या

बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद, हे मी जितक्या वेळा ऐकलंय तितकं दुसरं काही ऐकलं नसेल. ते नॉर्मल गोळीमुळेच आलंय. विहिरीवरची मोटर चालू आहे तोवर पाटात पाणी आहे, असं मी सांगते आणि ते लगेच पटतं. स्टेंट म्हणजे हृदयाच्या नळीत जाळी टाकलेल्या माणसाला रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या साधारण वर्षभर असतात, त्या स्वतःच्या मनाने थांबवल्या तर स्टेंटमध्ये रक्ताची गाठ होऊन परत अटॅक येऊ शकतो. दात काढायचा असला तरी आधी हार्टच्या डॉक्टरला विचारा. कोलेस्टेरॉलच्या गोळीने अंग दुखतंय वाटलं तर बंद करण्याआधी सांगा, डोस किंवा गोळी बदलून मिळते. उलट ज्याला काहीच झालेलं नाही त्याने शेजाऱ्याची बघून अॅस्पिरिन सुरू करू नये, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

गोळ्यांची जागा ब्रशजवळ किंवा देवघराजवळ, कपाटात नाही. सात खान्यांचा डबा मिळतो तो आणा, रविवारी घरातल्या शाळकरी पोराकडून भरून घ्या, पोरं हे काम फार मन लावून करतात. दहा दिवसांच्या उरल्या की नवीन आणायच्या.

दोन गोष्टी आपल्याकडच्या खास. गुडघे-कंबर दुखली की मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणून महिनोन्‌महिने खाणारे खूप आहेत, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी वाढतं, किडनी आणि हार्टवर ताण येतो, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. दुसरी म्हणजे अशक्तपणा आला की सलाईन लावून घ्यायची सवय. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, जवळपास दिवसभराचं, आणि ते थेट शिरेत! हार्ट कमजोर असलेल्या माणसाच्या फुफ्फुसात त्याने पाणी भरू शकतं. सलाईन लावणाऱ्याला आधी सांगा की हार्टचा पेशंट आहे.

आणि उन्हाळ्यात बीपीच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना जुलाब-उलट्या झाल्या किंवा उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बीपी मोजून डॉक्टरला फोन करा, डोस कमी करावा लागतो कधीकधी. आपल्या मनाने मात्र नको.

मनाचंही बघा. अटॅकनंतर आप्पा दोन महिने कुणाशी धड बोलले नाहीत, आम्हाला वाटलं अशक्तपणा आहे, पण ती उदासी होती आणि तिच्यावर उपचार असतो. उदास माणूस गोळ्याही चुकवतो आणि चालायलाही जात नाही.

आणि त्या रात्रीसाठी

छातीच्या मध्यभागी दाब, जळजळ, भरल्यासारखं, डावा हात, जबडा, पाठ किंवा खांद्यात कळ, दरदरून घाम, दम, मळमळ. बायकांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये छातीत न दुखता नुसता दम, घाम आणि एकदम गळून गेल्यासारखं होऊ शकतं. गॅस आहे का अटॅक हे घरी बसून ओळखता येत नाही, ते ईसीजीने कळतं, आणि कधीकधी पहिल्या ईसीजीतही दिसत नाही म्हणून परत काढतात, रक्त तपासतात. त्यामुळे ओवा-सोडा देऊन वाट बघू नका. १०८ ला फोन करा. पेशंटला चालवू नका, गाडी चालवू देऊ नका. अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर १०८ वरच्या डॉक्टरला विचारून ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून द्या. जिभेखालची गोळी शेजाऱ्याकडून आणून देऊ नका, बीपी एकदम खाली जाऊ शकतं, ती ज्याला लिहून दिलीय त्यालाच. माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत.

रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी (बंद झालेली नळी फुग्याने उघडणं), दोन्हींचा फायदा जितका लवकर तितका जास्त. चोपडा, शिरपूर, शहाद्याकडच्या आतल्या गावांतून मोठ्या दवाखान्यात पोचायला वेळ लागतो, म्हणून ईसीजी आणि इंजेक्शन जवळात जवळ कुठे मिळतं, रात्रीही मिळतं का, हे आजच जाऊन विचारून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतो त्याला भेटायचं, रेशनकार्ड आणि आधार लागतं.

हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा: १०८, दवाखान्याचं नाव, रात्री गाडी काढणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे नंबर, चालू गोळ्यांची नावं, कशाची अॅलर्जी. आणि एक कापडी पिशवी भरून ठेवा, त्यात जुने रिपोर्ट, शेवटचा ईसीजी, बीपीची वही, रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स, मोबाईलचा चार्जर. पिशवी कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे, लहान पोरांनासुद्धा. आमच्याकडे ती फ्रीजशेजारच्या खिळ्याला आहे.